तयार नसेल त्यानंच बोलावं

सोमवार, ४ मार्च

नवीन नाटक आलं की मी डायरी काढते, आणि प्रयोगाच्या दिवसाचं लिहिते ते दुसऱ्या दिवशी सकाळीच. प्रयोग संपवून घरी आल्यावर माझ्यात जांभई देण्याइतकंही त्राण नसतं.

आजपासून तालमी. दिग्दर्शक नेहमीसारखा उशिरा आला आणि कोट काढायच्या आधीच म्हणाला, "ताई, या खेपेला वरून भिंत खाली आणायची." कसली भिंत? तर घराची. दुसऱ्या अंकाच्या शेवटी म्हातारी आई स्वतःच्याच घराबाहेर पडते आणि तिच्यामागे अख्खी भिंत वरून उतरून दार बंद करते. कापडाची चालणार नाही. लाकूड आणि लोखंड हवं, खाली टेकताना प्रेक्षकांच्या पायाखालची जमीन हादरली पाहिजे. बोलायला याचं काय जातं!

म्हातारी आई म्हणजे आमची अक्का. ती आणि मी या कंपनीत एकाच हंगामात आलो. ती उजेडात गेली, मी विंगेत बसले. मला "अगं" म्हणणारी या इमारतीत ती एकटीच उरली आहे. बाकीच्यांची मी ताई. भिंत उतरवणार पैलवान. तो इतका काटकुळा आहे की त्याचं नाव मीच ठेवलं. वरच्या माचीवर, काळ्या पडद्यामागे, दोर धरून तो उभा असतो आणि त्याला खालचं काही दिसत नाही. दिव्यांवर काजवा. तो प्रेक्षकांच्या मागे, काचेच्या खोलीत बसतो, त्याला सगळं दिसतं. आणि या सगळ्यांना कधी काय करायचं ते सांगायचं मी. हेडफोन लावून मी विचारते, "तयार?" ते म्हणतात, "तयार." मग मी म्हणते, "घ्या!" मी "घ्या" म्हणेपर्यंत तिथलं पान हलत नाही. लोकांना वाटतं नाटक नट करतात. वाटू दे.

शुक्रवार, ८ मार्च

दाराची बेल बिघडली आहे. वरच्या मजल्यावरची बाई दोनदा येऊन परत गेली म्हणे. वायरमनला बोलावलं. त्यानं बटण दाबलं आणि म्हणाला, "चालतेय की." मी म्हटलं, कुठे चालतेय? त्यानं पुन्हा दाबलं आणि माझ्या तोंडाकडे असा बघत राहिला की जसं काही मीच बिघडले आहे. हल्ली कुणाला काम करायलाच नको असतं. पिटाळून लावलं त्याला. तसंही माझ्याकडे येतंय कोण?

रविवार, १० मार्च

धाकट्या बहिणीचा फोन आला. मला म्हणाली, "ताई, तू ओरडतेस कशाला?" मी ओरडत नव्हते, लाइन खराब होती. मी म्हटलं, यापुढे तू मेसेजच पाठवत जा, निदान वाचता तरी येईल. पूर्वी ती तासभर बोलायची. नवऱ्याचा गुडघा, भाचीची परीक्षा, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं तिखटमीठ लावून. आता मेसेज येतो, "बरी आहेस ना?" मी लिहिते, "बरी." आमचं आटोपलं. ती रागावली असावी. कशावरून ते कळत नाही, आणि मी मोठी असून का विचारायला जाऊ?

गुरुवार, १४ मार्च

नाट्यशाळेचं बोलावणं आलं. मुलांना स्टेज मॅनेजरच्या कामाबद्दल मार्गदर्शन करायचं. आयुष्यभर मला कुणी दोन शब्द बोला म्हणालं नव्हतं, म्हणून आज तालमीच्या आधी बसून टिपणं काढली.

मऊ तळव्याची चप्पल घाला. पेनानं काही लिहू नका, शिसपेन वापरा, कारण दिग्दर्शकाचं मत बदलतं. पोटभर जेवून या. नट रडायला लागला तर पाणी द्या, कारण विचारू नका, कारण तो सांगेल. टाळ्यांची वाट बघू नका. प्रेक्षकांना तुम्ही आहात हे कळलं की समजावं, तुमच्या हातून काहीतरी चुकलंय. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आधी ऐका मग बोला. या नोकरीत हात नसले तरी निभेल, कान हवेत.

संसाराचं काय, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? सगळं जग संध्याकाळी घरी येतं तेव्हा आपण घराबाहेर पडतो. सगळं जग बोलतं तेव्हा आपण विंगेत गप्प असतो. मी दोन वाक्यं लिहिली आणि खोडली. ते त्यांचं त्यांना कळेल.

मंगळवार, २६ मार्च

तांत्रिक तालीम झाली आणि माझं डोकं फिरलं. मी विचारते "तयार?" आणि हेडफोनमध्ये सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले. काजवा तर जन्मजात पुटपुट्या. मी "मोठ्यानं बोल" म्हणून ओरडले तर मंचावरचे नट दचकून थांबले. हेडफोन बदलून घेतला. दुसरा तसाच. तिसरा आणला, तोही तसाच. सगळे हेडफोनच रद्दी आहेत. असं थांबत थांबत गेलो तर नाटक पुढच्या वर्षी उभं राहील.

शेवटी मी नियमच बदलला. सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "आजपासून उगाच तयार-तयार करत बसू नका. मी विचारीन. तयार नसेल त्यानंच बोलावं. कुणी बोललं नाही, म्हणजे सगळे तयार."

काजवा मुद्दाम पुढे आला. माझ्या तोंडासमोर उभा राहून स्पष्ट म्हणाला, "ताई, गप्प म्हणजे तयार असं कसं? तार निघाली असेल, मी चक्कर येऊन पडलो असेन."

मी म्हटलं, "तू पडलास तर आवाज होईलच."

सगळे हसले. तो हसला नाही. "पैलवानाकडे तर हेडफोनपण नाही," म्हणाला. नाहीच, कारण त्याच्या दोरात तार अडकते. त्याच्यापुढे एक छोटा दिवा ठेवला आहे. लाल म्हणजे सावध, हिरवा म्हणजे सोड. दोन्ही बटणं माझ्या मेजावर. "भिंतीखाली कोण आहे ते मला दिसतं, तुम्हाला सेटवरच्या कपाटाच्या आड दिसत नाही, आणि त्याला तर काहीच दिसत नाही. मी खाली मोकळं आहे म्हणाल्याशिवाय तुम्ही हिरवा दाबू नका."

"मोकळं नसेल तेव्हा बोल की," मी म्हटलं. "तेवढं तर येईल ना तुला?"

दिग्दर्शकानं घड्याळ बघत मान हलवली आणि विषय संपला. नंतरची तालीम अशी सुरळीत गेली की यंव! मला इतकी शांतता कधी लाभली नव्हती.

शनिवार, ३० मार्च

काल पहिला प्रयोग. भिंत उतरली तेव्हा मेजावरचा पाण्याचा पेला थरथरला आणि सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलं. टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवणारे हात पडद्याच्या फटीतून बघितले, बरं वाटलं.

सगळे माझ्याशी हल्ली जरा नाटकी वागतात. बोलायचं असलं की आधी खांद्यावर हात ठेवतात, मग पुढ्यात येऊन तोंड मोठं करून बोलतात, लहान मुलीशी बोलावं तसं. पैलवान माचीवरून हात हलवून दाखवतो. अक्कानं ही खोड लावली असणार, तीच पहिल्यापासून असं करते. मला वाटतं, माझं वय झालं म्हणून मान देतात. मान नको, गप्पा मारा म्हणावं. चहाच्या वेळी सगळे कोंडाळं करून बसतात, मी गेले की हसून जागा देतात, आणि पुन्हा आपापसांत सुरू. विनोद काय झाला ते कुणी सांगत नाही. मी चहा घेऊन मेजापाशी येते.

शनिवार, ६ एप्रिल

काल नाट्यशाळेत भाषण झालं. चांगलं झालं असावं. मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती. चपलेच्या आणि रडणाऱ्या नटांच्या गोष्टीवर हसलीसुद्धा. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. शेवटच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली, तिचे ओठ बराच वेळ हलले, मग ती इकडेतिकडे बघून खाली बसली. नाटकात यायचंय आणि गळ्यातून आवाज फुटत नाही! "तुमच्या पिढीला आवाजच नाही," असं मी सांगितलं आणि आवरतं घेतलं. निघताना तिथल्या मास्तरीणबाईंनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ दाबला. एवढं भावुक व्हायला काय झालं ते समजलं नाही.

रविवार, १४ एप्रिल

लिहवत नाही, पण लिहिते.

काल दुसऱ्या अंकाच्या शेवटी अक्का दारातून बाहेर निघाली. मला ती कपाटाआड जाईपर्यंत दिसते, नंतर दिसत नाही. मी विचारलं, "भिंत तयार? दिवे तयार?" कुणी बोललं नाही. मी हिरवं बटण दाबलं. "घ्या!"

अक्काच्या कोटाचा पट्टा दाराच्या कडीत अडकला होता. ती भिंतीच्या बरोबर खाली उभी राहून तो सोडवत होती. मुलाचं काम करणाऱ्या नटानं तिला ओढलं. ती वाचली, पण हात मागे राहिला. पैलवानाला खालची धावपळ ऐकू आली म्हणून त्यानं जिवाच्या आकांतानं दोर आवळला, म्हणून फक्त मनगट मोडलं. नाही तर काय झालं असतं ते मी लिहिणार नाही.

प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

अक्काला गाडीत घालताना मी तिच्याजवळ गेले. ती काहीतरी म्हणाली. गर्दीत मला समजलं नाही.

मंगळवार, १६ एप्रिल

प्रयोग बंद. आज सगळ्यांना बसवलं. मी सरळ काजव्याला धरलं. नियम स्वच्छ होता. खाली माणूस होतं, ते तुला दिसत होतं, मग तू मूग गिळून का बसलास?

तो पांढरा पडला. "ताई, मी थांबा म्हणालो."

"खोटं."

"थांबा, थांबा, थांबा, असं ओरडत होतो मी."

मी म्हटलं, हेडफोनमध्ये चकार शब्द आला नाही. दिग्दर्शकानं माझा हेडफोन लावून बघितला, काजव्याला वर जाऊन बोलायला लावलं. मग तोच हेडफोन माझ्या कानाला लावला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बघा, मेलाय की नाही! 

तेवढ्यात दारावर तिकिटं बघणारी बाई पुढे आली. ती कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या अगदी समोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तो खरं बोलतोय. तो आत एवढ्यानं ओरडत होता की काचेतून बाहेर आलं. शेवटच्या दोन रांगा मागे वळून बघत होत्या."

शेवटच्या दोन रांगांनी ऐकलं. काचेतून. आणि माझ्या तर कानाला लावलेलं होतं.

मी पर्स उचलली आणि घरी आले. बसमध्ये कंडक्टर माझ्याशी बोलत होता, बोलतच होता. मला फक्त त्याच्या मिशा हलताना दिसत होत्या. मी आरशासमोर उभी राहून "घ्या" म्हटलं. मग जरा हळू म्हटलं. मग आणखी हळू. कुठल्या "घ्या"ला माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला ते बघून मी खाली बसले.

गुरुवार, १८ एप्रिल

काल अक्काकडे गेले. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. मी सगळी तयारी करून गेले होते की हे बोलायचं, ते बोलायचं, आणि दारातच रडायला लागले. तिनं मला पाणी दिलं आणि कारण विचारलं नाही.

मग माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं. "मला कधीचंच ठाऊक आहे गं," म्हणाली. "मीच सगळ्यांना सांगितलं होतं की हिच्यासमोर येऊन बोलत जा. मला वाटलं, तुलाही ठाऊक असेल आणि तू लपवतेयस. मग मी कशाला उघडं पाडू?"

मला तिचा राग आला. खरंच आला. सगळ्यांना ठाऊक, आणि मी एकटी हेडफोन बदलत बसलेली! मी म्हटलं, "मला सांगितलं असतंस तर तुझा हात शाबूत राहिला असता."

"सांगितलं असतं तर तू खुर्चीवर राहिली नसतीस," ती म्हणाली. "आणि मग मी विंगेत कुणाकडे बघितलं असतं?"

निघताना म्हणाली, "तू परत ये. तू म्हणालीस तर मी त्या भिंतीखाली पुन्हा उभी राहीन."

ते ऐकून मला धीर यायला हवा होता. मला भीती वाटली. ती खरंच उभी राहील.

मंगळवार, २३ एप्रिल

मी मेसेज केला तशी धाकटी धावत आली. कानाच्या डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. त्यांनी मला एका खोलीत बसवून सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. मी काचेतून धाकटीकडे बघत बसले. बराच वेळ काही आलं नाही म्हणून मला वाटलं, अजून सुरूच केलं नाही. मग बघितलं तर धाकटी पदराच्या टोकानं डोळे टिपत होती. तेव्हा कळलं, कधीच सुरू झालं होतं.

घरी येऊन तिनं माझ्या दाराची बेल वाजवून बघितली. वाजते म्हणे. तिनं विचारलं, "मला तू बोलू नको म्हणालीस, ते यामुळे?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला." आम्ही दोघी एकमेकींवर रागावून बसलो होतो आणि कारण माझ्या कानात होतं. काय म्हणावं या मूर्खपणाला!

शुक्रवार, ३ मे

मशीन मिळालं. दोन्ही कानांमागे एकेक, केसांखाली लपतं. जग भयंकर गोंगाटाचं आहे, आणि मी ते विसरून गेले होते. नळ, पिशवी, माझी स्वतःची चप्पल, सगळं अंगावर येतं. मऊ तळव्याची म्हणून मी मिरवत होते ती चप्पल चक्क करकरते.

डॉक्टर म्हणाले, सवय व्हायला वेळ लागेल. ऐकू येणं आणि समजणं यांची गाठ मेंदूला पुन्हा मारावी लागते. मी हो हो म्हटलं. उद्यापासून प्रयोग पुन्हा सुरू होतायत, अक्का झोळीतल्या हातानंच काम करणार आहे, आणि दिग्दर्शकाचा निरोप आला आहे: "ताई, तुमची खुर्ची तुमचीच आहे." मी त्याला मशीनचं कळवलं नाही. धाकटीला पण सांगितलं, कुणाला बोलू नकोस. उद्या सगळ्यांची गंमत करायची. काजवा पुटपुटला की मी तिथल्या तिथे उत्तर देईन, मग बघू त्याचं तोंड.

आज मला खूप बरं वाटतंय, हे लिहून ठेवते.

रविवार, ५ मे

काल लवकर गेले. सगळ्यांनी समोर येऊन, तोंड मोठं करून स्वागत केलं. मी गंमत लांबवत राहिले. मेजापाशी बसले, हेडफोन लावला, दिव्याची बटणं पुसली. दिग्दर्शक आणि पैलवान माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. मी वळणारच होते.

पैलवान म्हणाला, "सरळ सांगून टाका ना त्यांना."

"तूच सांग."

"मी? मला दोराची गाठ त्यांनी शिकवली."

"मग बसू दे. तार काढलीस ना?"

"काढली. बटणंपण वर काजव्याकडे जोडली. इथलं नुसतं पेटतं. सगळं तोच सांगणार, आणि पहिल्यासारखं तयारला तयार म्हणायचं असं ठरलंय."

"झालं तर. चार प्रयोग बसेल, दमेल, आपण होऊन सोडेल. घरी तरी कोण आहे तिचं?"

समोर मी "तुम्ही" असते. पाठीमागे पैलवानानं "त्यांना" म्हटलं, दिग्दर्शकानं "तिचं". मी हलले नाही. प्रयोगाआधीच्या शांततेत, माझ्यापासून हातभर अंतरावर ते हे बोलले, अगदी नेहमीच्या आवाजात, भिंतीशेजारी बोलावं तसे. इतके दिवस ते असंच बोलत असतील. काय काय बोलून झालं असेल!

मग नाटक सुरू झालं. मी उठून जायला हवं होतं, पण माझी खुर्ची सोडवेना. तार काढलेल्या हेडफोनमध्ये मी "तयार?" विचारलं, "घ्या" म्हटलं, आणि माझ्या प्रत्येक "घ्या"ला दिवे लागत गेले, विझत गेले. काजवा वरून स्वतः सगळं चालवत होता, आणि पोरगं एकदाही चुकलं नाही. मला त्याचं कौतुक वाटलं आणि हेवाही.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी ठरवलं की आता परीक्षा. मुकाट हेडफोन काढून ठेवला, कारण तो मशीनवर दाबला की शीळ वाजते. डोळे मिटले. अक्का बाहेर पडताना पाठमोरी एक वाक्य बोलते. तेवढं ऐकू आलं, तर प्रयोगानंतर उभं राहून सगळ्यांना सांगायचं की मी ऐकते, माझी तार जोडा.

मला पंखा ऐकू आला. दोर ऐकू आला. कुणाच्या तरी कोटाची सळसळ, प्रेक्षकांतला खोकला, अक्काचा आवाज, सगळं एकाच मापाचं, एकातएक. तिचं वाक्य ऐकू आलं. पण ते काय होतं ते मला समजलं तेव्हा भिंत खाली टेकली होती.

"थांबा" असतं, तरी इतक्याच उशिरा समजलं असतं. पुढेमागे होईल सवय, डॉक्टर म्हणतात तशी. पण तोवर रोज त्या भिंतीखालून अक्का जाणार, आणि मी म्हटलं म्हणून ती बेलाशक जाणार.

मंगळवार, ७ मे

काल दुपारी दिग्दर्शकाच्या खोलीत गेले. पैलवान तिथेच होता, खिडकीपाशी. मशीन केसांखाली होतं. मी म्हटलं, "धाकटी खूप दिवस बोलावतेय. आता पुरे म्हणते मी. खुर्ची काजव्याला द्या, त्याचा डोळा चांगला आहे आणि तो घाई करत नाही."

सगळं ऐकलं होतं असं सांगितलं असतं, तर ते दोघं आयुष्यभर माझ्यासमोर मान वर करू शकले नसते. पैलवानाला तर मी तसं करूच शकत नाही. आणि मशीन दाखवलं असतं तर ते मला राहा म्हणाले असते, मी राहिले असते. मला माझा भरवसा नव्हता.

दिग्दर्शक लगबगीनं उठून माझ्यासमोर आला. माझे दोन्ही हात धरले. तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "ताई, तुमच्याशिवाय हे नाटक, नाटक राहणार नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, "राहील, राहील."

मग तो माझ्याकडे पाठ करून खिडकीकडे वळला आणि नेहमीच्या आवाजात पैलवानाला म्हणाला, "सुटलो रे एकदाचे."

 मी दारात थांबून दोघांकडे बघून हसले आणि दार हलकेच ओढून घेतलं.